गोल घरात सहा आठवडे: या रेसिडेन्सीला जावं का?

नोंदवही

मंडळी, उत्तर द्यायला दहाच दिवस आहेत, त्यामुळे लांबण न लावता विचारते.

मी जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांवर काम करते. शिडाच्या जहाजावर दर पहाऱ्याला (म्हणजे कामाच्या पाळीला) कोणीतरी लिहून ठेवायचं: वारा कुठून, किती जोराचा, आभाळ कसं. हवामानाची ठाणी नव्हती तेव्हाच्या समुद्राचा अंदाज आज याच नोंदींवरून बांधतात. १८५३ साली ब्रसेल्सला परिषद भरली आणि नोंदींचा एकसारखा तक्ता ठरला. मी बघते त्या वह्या त्याच्या आधीच्या, म्हणजे प्रत्येक कप्तानाची तऱ्हा न्यारी. काम काय, तर स्कॅन उघडायचं, अक्षर लावायचं, तक्त्यात भरायचं. शेजारी बसून कोणी बघत राहिलं तर दहा मिनिटांत जांभया देईल. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझी अडचण तिथेच आहे.

एका रेसिडेन्सीत, म्हणजे कलावंत-संशोधकांना काही काळ राहून काम करायला जागा देतात तिथे, मला सहा आठवड्यांसाठी घेतलंय. दोन चित्रकार, एक संगीतकार, एक नर्तकी आणि 'संशोधक' म्हणून मी. घर म्हणजे पूर्वीचा पाण्याच्या टाकीचा मनोरा! टाकी काढून आत मजले घातलेत. तळाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं, त्यावर एकेका मजल्यावर एकेक गोल खोली अशा पाच, आणि सगळ्यात वर, जिथे पूर्वी पाणी असायचं तिथे, घुमटाच्या छताचा सामायिक स्टुडिओ. मधोमध लोखंडी गोल जिना, तो पाचही खोल्यांमधून वर जातो. नकाशात जिन्याभोवती एक रेघ दिसते. ती भिंत आहे की नुसतीच रेघ, ते कळत नाही.

फोटो बघून मी वेडी झाले होते, खोटं कशाला बोलू. आता पत्र हातात आल्यावर धाकधूक वाटतेय. इमारत जुनी, जपलेली, त्यामुळे भिंतीला खिळा मारायचा नाही. शेवटच्या रविवारी घर लोकांना खुलं, तेव्हा प्रत्येकाने 'काहीतरी दाखवायचं'. मी काय दाखवू, एक्सेल? करारात 'मुक्कामात निर्माण झालेल्या कामावर संस्थेचाही हक्क राहील' असं एक वाक्य आहे, ते घशात अडकलंय. आणि खरं विचारायचं ते हे: अशा जगावेगळ्या घरात काम होतं का? की सहा आठवडे घराचंच कौतुक करण्यात जातात? कोणी राहिलं असेल तर सांगा.

---

उगाचच

अभिनंदन!! जा हो, विचार कसला करताय. फोटो टाका.

एकच शंका. सरळ भिंतच नाही तर कपाट कुठे ठेवायचं?

---

ठोकळेबाज

नोंदवहीताई, अभिनंदन. मी वुडकट करतो, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढतो. तीन रेसिडेन्स्या झाल्या आहेत: पहिली जुन्या पाणचक्कीत, दुसरी बंद पडलेल्या शाळेत, तिसरी एका अगदी साध्या दोन खोल्यांच्या घरात. काम झालं तिसरीत. किस्से सगळे पहिल्या दोनचे. तुमच्या 'खऱ्या' प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपलं, पण पाणचक्कीचं सांगतोच.

चक्की फिरायची थांबून जमाना झाला होता. ओढा मात्र तसाच, माझ्या खोलीच्या फरशीखालून वाहत होता. रात्री दिवा मालवला की पाणी खोलीत आल्यासारखं वाटायचं. मी खूश. चेरीच्या लाकडाचे सहा ब्लॉक नेले होते. खिडकीखालच्या दगडी ओट्यावर ते ओळीने मांडले, कारण फोटोत तो ओटा फार देखणा दिसत होता. नऊ दिवस मान मोडून कोरलं. कोरलेलं नीट दिसावं म्हणून वरून शाईचा पातळ हात फिरवला होता.

दहाव्या दिवशी सकाळी एक ब्लॉक टेबलावर आणून कडेला बोट टेकवलं, तर समोरची कड उचलली गेली. टक्. बोट काढलं, पुन्हा टक्. दुसरा ब्लॉक आणला. टक्. सहाही ब्लॉक पाळण्यासारखे झुलत होते.

झालं होतं असं की लाकूड ओल धरलं की तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. वरच्या अंगाला शाई होती, तिथून ओल कमी शिरली. खालचं अंग दमट दगडावर. ते फुगलं, वरचं तसंच राहिलं, ब्लॉकची वाटी झाली. इलाज सगळ्यांना माहीत असतो तो केला: खोलगट अंगावर ओलं फडकं, वर वजन, आणि वाट बघणं. तीन दिवसांनी चार ब्लॉक सरळ झाले, पण खोलगट अंग म्हणजे कोरलेलंच अंग ना! फडक्याच्या ओलीने बारीक रेघा फुगल्या, आणि पहिल्याच प्रूफला, म्हणजे चाचणीच्या छापाला, दाबाखाली तुटल्या. एका बाईच्या चेहऱ्याची भुवई गेली. भुवई परत बसवता येत नाही हो लाकडात.

घर किती सुंदर आहे याचं तीन पानी पत्रक आम्हाला आधी पाठवलं होतं. त्यात दमटपणाचा 'द' नव्हता. मीही विचारलं नव्हतं, ही माझी चूक.

तेव्हापासून मी अशा घरांकडे जरा तिरक्या नजरेने बघतो आणि एक गोष्ट ध्यानात आलीय. ज्यांना हे काम वर्षानुवर्षं जमलंय ते पाहुण्याला नावाजलेल्या घरात ठेवतच नाहीत. नावाजलेलं घर बघायला, राहायला बाजूचं. स्टुटगार्टजवळचा सॉलिट्यूड राजवाडा घ्या. ड्यूक कार्ल ऑयगेनने १७६३ ते १७६९ मध्ये बांधला, १९९० पासून तिथे कलावंत-संशोधकांची अकादमी आहे. पण ते लोक राहतात आणि काम करतात ते राजवाड्याच्या बाजूच्या इमारतींत. तुमच्या कामाचं म्हणून सांगतो, त्या राजवाड्यापासून लुडविग्जबुर्गपर्यंत एक नाकासमोर सरळ रस्ता होता. १८२० मध्ये वुर्टेम्बर्गची जमीन मोजताना तोच पायारेषा म्हणून, म्हणजे बाकीची मोजणी जिच्यावरून करतात ती रेघ म्हणून, धरला. राजाची हौस आणि मोजणीदारांची सोय!

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. लॉस एंजेलिसजवळ वेस्ट हॉलिवूडला रुडॉल्फ शिंडलर या वास्तुविशारदाने १९२२ मध्ये स्वतःसाठी घर बांधलं. दोन जोडपी एकत्र राहणार, म्हणून चौघांना चार स्टुडिओ. बेडरूम एकही नाही. झोपायचं गच्चीवर, उघड्या मांडवात. स्वयंपाकघर एक, दोघी बायकांनी आळीपाळीने सांभाळायचं. (बायकांनीच. इतकं क्रांतिकारी घर, पण ओट्यापाशी आली की क्रांती थांबली.) जमिनीवर काँक्रीटच्या पाट्या ओतून त्या उभ्या केल्या आणि मधल्या फटींत काच बसवली. बघायला अप्रतिम. पण दुसरं जोडपं दोनेक वर्षांत निघून गेलं. १९२७ मध्ये शिंडलरची बायको पॉलिनही गेली. ती परतली तेव्हा नवराबायको त्याच घराच्या दोन वेगळ्या भागांत राहिले. १९९४ पासून तिथे माक सेंटर नावाची संस्था आहे. ती कलावंतांना राहायला बोलावते, आणि ठेवते कुठे? शिंडलरनेच १९३९ मध्ये बांधलेल्या एका अपार्टमेंटच्या इमारतीत. दारं असलेल्या!

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. तुम्हाला बाजूची इमारत मिळत नाहीये, थेट मनोऱ्यातच राहायचंय. मग मनोऱ्याबद्दल विचारा. जिन्याभोवतीची ती रेघ कशाची आहे, ती छतापर्यंत जाते का, तिला दार आहे का, हे आज मेल करून विचारा. लोखंडी जिन्यावरच्या पावलांचा आवाज हवेतून कमी आणि लोखंडातून जास्त येतो, पडदा लावून तो थांबत नाही. पायऱ्यांना रबर लावलंय का विचारा. उघडा जिना उंच इमारतीत धुराड्यासारखा चालतो. खालची गरम हवा, फोडणी, ओल्या टॉवेलांचा वास, सगळं वर. तुमचा मजला कितवा, हे यासाठी महत्त्वाचं. न्हाणीघर तळाला आहे, तेव्हा पहाटे तीनला किती पायऱ्या उतरायच्या तेही मोजून ठेवा.

आणि गोल भिंत! तिचं वेगळंच आहे. विजापूरच्या गोलघुमटात एका कडेला कुजबुजलं की पलीकडच्या कडेला ऐकू येतं, लंडनच्या सेंट पॉलच्या घुमटाखालीही तेच. आवाज आतून वळलेल्या भिंतीला चिकटून सरपटत जातो, हे लॉर्ड रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने समजावून सांगितलंय. तुमच्या वरच्या स्टुडिओत थोड्याफार प्रमाणात हे होणार. तुमचा संगीतकार पहिल्याच दिवशी मधोमध उभा राहून टाळ्या वाजवून बघेल, पैज लावतो. मध्यावरून निघालेला आवाज चहूबाजूंनी मध्यावरच परत येतो. तेव्हा टेबल ना मध्यभागी ठेवा ना भिंतीला लावून. मधे कुठेतरी, आणि पाठीमागे पुस्तकांचं मांडणं किंवा जाड कापड, म्हणजे गोलाई मोडते.

माझी स्वतःची पद्धत आता अशी आहे. पहिला आठवडा घराला देऊन टाकायचा. काम काढायचंच नाही. जिने चढायचे, रात्री कुठून काय वाजतं ते ऐकायचं, फोटो काढायचे, घरच्यांना पाठवायचे, कौतुक करून संपवायचं. शाळेत मी हे केलं नाही. पहिल्याच दिवशी फळ्यासमोर बसून कोरायला लागलो, आणि महिनाभर जे कोरलं त्यात फळा, बाकं, घंटा. सगळं घराचंच. माझं त्यात काय होतं? घर मोठं खादाड असतं. त्याला आधी पोटभर जेवू घातलं नाही तर तुमच्या ताटात हात घालतं.

नाहीच जमलं तर परत या. त्यात लाज नाही. रोमच्या व्हिला मेदिचीत फ्रेंच अकादमी १८०३ पासून आहे, त्याहून देखणं घर कुठे मिळणार? फ्रेंच संगीतकार बर्लिओझ १८३० चं 'रोम पारितोषिक' जिंकून तिथे गेला आणि कुरकुरला. पुढे संगीतकार देबुसीही गेला, तोही कुरकुरला आणि जमेल तितक्या लवकर सुटला. दोघांचं पुढे काही बिघडलं नाही.

---

सरळरेघ

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

स्कॅन लॅपटॉपवर, तक्ता लॅपटॉपवर. यात मनोरा कुठे येतो? चित्रकाराला उजेड लागतो, नर्तकीला जागा लागते, हे समजू शकतो. संशोधकाला ग्रंथालय लागतं. वेल्समधलं ग्लॅडस्टनचं ग्रंथालय बघा. ब्रिटनचा पंतप्रधान राहिलेला माणूस ऐंशी ओलांडल्यावर आपली पुस्तकं हातगाडीवर घालून स्वतः नेत होता. सुमारे ३२,००० पुस्तकं दिली. आजची इमारत १९०२ ची, आणि तिथे वाचणाऱ्याला राहायलाही मिळतं. उठलं की पुस्तकात. याला म्हणतात निवासी सोय. बाकी सगळं 'मी मनोऱ्यात राहून आले' हे सांगण्यासाठी.

---

पडद्यामागची

सरळरेघ, तुमच्याशी निम्मी सहमत. नोंदवही, मी टेबलाच्या पलीकडून लिहिते. एका रेसिडेन्सीची व्यवस्था मी काही वर्षं बघत होते. अर्ज वाचायचे, चाव्या द्यायच्या, गिझर दुरुस्त करवायचे, आणि दर वेळी कोणीतरी कोणाशी तरी बोलेनासं झालं की दोघांना वेगवेगळं फिरायला न्यायचं. त्यामुळे घराबद्दल मी फार हळवी नाही. ठोकळेबाजांचं ओलीचं प्रकरण वाचून मात्र अपराधी वाटलं. आम्हीही असंच पत्रक काढायचो.

त्यांनी भिंतींचं सांगितलं, मी वेळेचं सांगते. माझ्या मते घर कसंही चालतं, घराची घड्याळं चालायला हवीत. अमेरिकेतल्या याडो नावाच्या रेसिडेन्सीत सकाळी ९ ते दुपारी ४ शांतता, कोणी कोणाचं दार वाजवायचं नाही. तिथल्याच मॅकडॉवेल रेसिडेन्सीत (१९०७ पासून चालू आहे) दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या पायरीवर गुपचूप ठेवून जातात, म्हणजे 'जेवलात का' हे विचारायलाही कोणी आत येत नाही. तिथे स्टुडिओत लाकडी पाट्या असतात, राहून गेलेला प्रत्येक जण त्यावर नाव लिहून जातो. त्यांना गमतीने 'थडगी' म्हणतात. उलट आयर्लंडमध्ये टायरोन गथ्री या नाट्यदिग्दर्शकाने आपलं घर कलावंतांसाठी ठेवलं, ते १९८१ मध्ये सुरू झालं. तिथे दिवसभर काय वाटेल ते करा, संध्याकाळी ७ ला सगळ्यांनी एका टेबलावर जेवायचं. मला हा नियम आधी जाचक वाटायचा. मग आमच्याकडे एक मुलगी आली आणि नऊ दिवस कोणाशी एक शब्द बोलली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण एकत्र बसायची वेळच ठरलेली नव्हती. दहाव्या दिवशी ती सामान बांधून माझ्या दारात उभी होती. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही रात्रीचं जेवण एकत्र केलं.

तुमच्या पत्रात वेळांचं काही आहे का ते बघा. नसेल तर पहिल्याच संध्याकाळी पाच जणांत ठरवून टाका. जिन्यावरून जाणं-येणं रात्री किती वाजता बंद, वरचा स्टुडिओ कोणाला कधी. चौथ्या दिवशी ठरवायला गेलात तर ते भांडण होतं, पहिल्या दिवशी ती बैठक असते.

करारातलं ते वाक्य तसंच ठेवून सही करू नका. बहुतेक वेळा संस्थेला हवं असतं इतकंच, की तुमच्या कामाचे फोटो पत्रकात आणि संकेतस्थळावर वापरता यावेत. तसं असेल तर तसंच लिहून द्या म्हणावं: प्रसिद्धीसाठी, नाव देऊन, विचारून. कामावर हक्क आणि फोटो वापरायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तुमची पंचाईत निराळीच आहे. वह्यांचे स्कॅन तुमचे नाहीत, ते अभिलेखागाराचे. तिथली अट काय आहे ते बघा. तुम्हाला अभ्यासाला दिलेलं पान रविवारी भिंतीवर लावायची मुभा असेलच असं नाही. जे तुमचंच नाही त्यावर संस्थेला हक्क कसा देणार? हे त्यांना लिहून कळवलंत तर ते वाक्य ते स्वतःच बदलतील.

रविवारची काळजी करू नका. संशोधकांना वाटतं आपल्याकडे दाखवायला काही नाही. आमच्याकडे दगडफुलांवर काम करणारा एक जण होता. त्याने सूक्ष्मदर्शक मांडला आणि एक खुर्ची. बस. सगळ्यात लांब रांग त्याच्यापुढे, चित्रकार खट्टू. तुम्ही परवानगी असलेलं एकच पान मोठं छापून ठेवा, शेजारी भिंग, आणि लोकांना एक शब्द लावायला सांगा. 'हा वारा आहे की पाऊस?' माणसं पंधरा पंधरा मिनिटं हलणार नाहीत. खिळ्याची अडचण नाही, लोखंडी जिना आहे ना? चुंबकं न्या.

तुमच्या विषयाचं एक घर आठवलं. २०१२ मध्ये लंडनला क्वीन एलिझाबेथ हॉलच्या गच्चीवर एक बोट ठेवली होती, एका खोलीची. लेखक जोसेफ कॉनरॅड १८९० मध्ये काँगो नदीत ज्या बोटीवर कप्तान होता तिच्यावर बेतलेली. लेखक-कलावंत तिथे थोडे थोडे दिवस राहून गेले. आणि बोटीवर चक्क नोंदवही होती! खिडकीतून नदी, काठ, आभाळ काय दिसलं ते पाहुण्याने लिहायचं. तुमच्या मनोऱ्यात अशी वही नसेल तर तुम्हीच सुरू करा. दर पहाऱ्याला.

---

नोंदवही

सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर द्यायचं ठेवून आधी त्यांना मेल केली, सतरा प्रश्नांची. पाठवल्यावर वाटलं, आता निवड रद्दच करतात. दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि बाईंनी सतराही प्रश्न घेतलेत.

जिन्याभोवतीची रेघ प्लायवुडची आहे. डोक्याच्या वर हातभर, त्यापुढे छतापर्यंत उघडी. दार आहे, कडी आहे. पायऱ्यांना रबर नाही, 'तुम्ही विचारल्यावर आम्ही जोडे काढून चढून बघितलं, फरक पडतो' असं लिहिलंय. म्हणजे आता जिन्यापाशी चपलांचा ढीग होणार. माझी खोली पाचांतली मधली, वर दोन, खाली दोन. तळापर्यंत ६४ पायऱ्या. (त्यांनी मोजून कळवल्या!) दमटपणा 'टाकीच्या मजल्यावर थोडा'. ठोकळेबाज, हे तुमच्यामुळे कळलं. कागदाचं काहीही वर ठेवायचं नाही, हे ठरलं. करारातलं वाक्य बदलून आलंय, जवळजवळ पडद्यामागची यांच्याच शब्दांत. अभिलेखागाराने एका पानाची परवानगी दिलीय, दुसऱ्याला नाही म्हणाले.

सरळरेघ, राग नाही. मीही स्वतःला हेच विचारत होते. पण घरी माझं टेबल म्हणजे सगळ्यांचं सामान ठेवायची जागा आहे. काल स्कॅनवर एका ओळीत अडले होते. 'वारा नैर्ऋत्येचा, ताजा' इतपत लागलं, पुढचा शब्द लागेना. तेवढ्यात कोणीतरी विजेचं बिल आणि ओली छत्री माझ्या कीबोर्डवर ठेवून गेलं. छत्री उचलून परत बघते तो मगाशी लागलेला शब्दही लागेना. मनोरा नको असेल कदाचित, पण सहा आठवडे कोणी छत्री ठेवणार नाही असं टेबल हवंय. ते ग्रंथालयात मिळालं असतं तर तिथे गेले असते. मिळालं ते इथे.

होकार कळवलाय. पहिला आठवडा घराला द्यायचं मात्र पटलं तरी जमेल असं वाटत नाही. सहातला एक म्हणजे फार होतो हो. तीन दिवस देते.

आणि हो, वरचा स्टुडिओ रात्री कोणी वापरतं का, या प्रश्नावर बाईंचं उत्तर: 'संगीतकारांनी हाच प्रश्न तुमच्या आधी विचारला आहे.'

---

ठोकळेबाज

झालं मग. टाळ्या रात्री वाजणार.

तीन दिवस पुरतील, पण त्या तीन दिवसांत तक्ता उघडायचा नाही, 'एकच ओळ बघते' असंही नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पलंग बघा. गोल भिंतीला चौकोनी पलंग टेकवला की मागे फट राहते, आणि चष्मा, पेन, फोनची वायर, सगळं त्या फटीत जातं. एक जाडसर उशी जास्तीची मागून घ्या आणि तिथे कोंबा. चुंबकांचं सुचवलंय ते झकास आहे, पण जुना लोखंडी जिना म्हणजे रंगाचे थर असणार, जरा दमदार चुंबकं न्या. आणि कागदामागे साधा कागद लावा, गंजाचा डाग पडतो.

---

पडद्यामागची

६४ पायऱ्या मोजून कळवणारी बाई असेल तर बाकी काळजी नाही. तिला माझा नमस्कार सांगा.

---

उगाचच

वाचनखूण साठवली. पण कपाटाचं कोणीच बोललं नाही.